रेवतीचं रूम टेम्परेचर

आमच्या रेवतीच्या पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचा किस्सा तुमाले सांगितला नाही काय? मग चहा थंड होऊ द्या, आधी हे ऐका.

माझी ही लहान बहीण प्रोटीनवर पीएचडी करून घरी बसली होती. जर्मनीच्या एका प्रोफेसरनं भर मे महिन्यात लॅपटॉपवर इंटरव्ह्यू ठेवला. आवाज नीट जावा म्हणून रेवतीनं आमचा कूलर बंद कराले लावला. आई पदरानं वारा घेऊन राहिली होती, बाबा बनियनवर, मी घामानं चिंब.

सगळं मस्त चाललं होतं, तेवढ्यात प्रोफेसर म्हणाला, “तुम्ही लिहिलंय, हे प्रोटीन रूम टेम्परेचरला काम करतं. आमच्याकडे तर ते ढिम्म बसून आहे.”

झालं! पोट्टीची पीएचडीच खोटी ठरून राहिली होती. तिचा चेहरा उतरला. मग एकदम तिनं विचारलं, “सर, तुमची रूम किती डिग्रीची?”

“वीस.”

“आमच्या लॅबचा एसी बिघडला होता, सर,” म्हणत तिनं लॅपटॉप सरळ आमच्याकडे फिरवला. “आमची रूम अशी असते.”

बाबा पडद्यामागं पळाले. प्रोफेसर पोट धरून हसला. डिग्रीचा आकडा लिहिला नाही म्हणून थोडा रागावला, पण पोट्टीले घेतलं.

परवा तिचा फोन आला. आईनं विचारलं, “काय वं, तुहं प्रोटीन काम करून राहिलं का तिथं?”

“हव, त्याले गरम पेटीत ठेवलं ना. बाहेर मीच कुडकुडून राहिली!”