बैल न्हाई, फोन घ्यायचाय!

...दात बघायचे तेवढे राहिले! नायतर तुम्हाला सांगते, आमच्या कडूबाकाकांनी मोबाइलच्या दुकानात बैलबाजारातलं काहीच बाकी ठेवलं न्हाई. अहो, फोन मला वापरायचाय! बियाण्याच्या कंपनीत मला नोकरी लागली, सोमवारपासून गावोगावच्या शेतात जाऊन शेतकऱ्यांची माहिती फोनवर भरायची, मराठीत, दिवसाला वीस फॉर्म. साहेबांनी आधीच बजावलं, "वीस झाले न्हाईत तर दुसरी मुलगी बघू." मंग कीबोर्ड कसा पाहिजे? पळणारा! फोन कसा पाहिजे? एका हातात मावणारा, दुसऱ्या हातात छत्री, पायाखाली चिखल... शिकवण्या घेऊन पैसे मीच साठवलेले, फोन मीच हेरून ठेवलेला. पण दैवशालाआत्या म्हणाली, "एवढी महागाची वस्तू आन् पोरगी एकटीच जाती का? कडूबादादाला घेऊन जा. चाळीस वर्षं जनावरं घेतो, कधी फसला न्हाई."

जनावरं, आत्या! जनावरं!

गेलो वडीगोद्रीहून नवीन जालन्याला. दुकानदार फहीमभाई, बिचारा सज्जन माणूस. मी माझा फोन उचलला, "कपाशी" टाइप केलं, अक्षरं नुसती पळून राह्यली! म्हणलं, हाच. काकांनी तो तळहातावर तोलला. "ह्याच्यात काय दम? शेळी हाय ही." आणि काउंटरवरून दिला की सोडून खाली! फहीमभाई ओरडले, "अरे चाचा, गिराओ मत! दिखाने का पीस है!"

"पडून उठतंय का बघितलं," काका म्हणे.

अहो, फोन मला वापरायचाय!

मंग काकांची नजर गेली कोपऱ्यात. तिथं एक धूड पडलेलं, स्क्रीन ताटाएवढा, पाठीला जाड रबर, वजनाला वरवंटा! काकांनी दोनदा आपटला, हूं की चूं न्हाई. मी टाइप केलं "कपाशी". "क" आला. थांबलो. "पा" आला. फहीमभाईंनी चहा सांगितला, चहा आला, पिऊन झाला... "शी" अजून वाटेतच!

"नवीन जागा हाय, बुजलंय ते," काका म्हणाले. "दोन दिवसांत रुळंल."

मी तोंड उघडेपर्यंत काकांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला, त्याच्याखाली फहीमभाईंचा हात धरला आणि लागले बोटं दाबायला! बैलाचा भाव असाच करतात ना, कापडाखाली, गुपचूप. फहीमभाईंना काय कळणार? त्यांना झाल्या गुदगुल्या! हसता हसता म्हणाले, "हां हां चाचा, ठीक है, ठीक है!"

काकांनी टॉवेल झटकला. "झाला सौदा!"

"कशाचा सौदा? किंमत डब्यावर छापलेली हाय, काका! आणि फोन मला वापरायचाय!"

"हात दिला म्हणजे जबान दिली. माघार घेऊन बाजारात तोंड दाखवू कसं?"

मी फहीमभाईंकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "क्या करूं बेटी? दो साल में पहला गिऱ्हाईक आया इसको." आणि फाडलं बिल, डब्यावरच्या किमतीचं! काकांनी ते न बघताच खिशात घातलं. जबान दिल्यावर कागद कशाला बघायचा?

सोमवारी घनसावंगीकडच्या पहिल्याच शेतात भिवाआबा म्हणून म्हातारे आडवे आले. "कंपनीवाल्यांना काय बी सांगायचं न्हाई. निघ!" झालं! म्हणलं, नोकरी पहिल्याच बांधावर संपली. तेवढ्यात त्यांना माझ्या दोन्ही हातांतलं ते धूड दिसलं. "आण बघू." तोललं, पाठीवर थाप मारली आणि घातलं की दगडावर! उचललं, फुंकर मारली, अख्ख्या शिवाराला हाक दिली, "या रे, पोरीला पारख हाय!" आले की सगळे! एकर सांगितले, वाण सांगितलं, न विचारलेलं बी सांगितलं. फोनला घाई न्हाई आणि त्यांनाही न्हाई... संध्याकाळपर्यंत वीस झाले!

निघताना आबांनी विचारलं, "निवडला कोणी गं हा?"

आता काय सांगणार? म्हणलं, "मीच!"