आधी वायरिंग तपास

कर्जतच्या लॅबमध्ये रिपोर्टसाठी बसलो होतो. शेजारी चौकचा गॅरेजवाला हरेश आणि त्याचा दोस्त, टायरवाला शब्बीर. आवाज दबके, पण बाक एकच.

“तीन महिन्यांची साखर मागच्या खेपेला किती रं?”

“साडेदहा.”

“आन तू हायवेच्या तंबूतलं चूर्ण खात व्हतास!”

“लाज वाटायची. बिछान्यात काय जमत नाय, हे सांगू कुणाला? निशिगंधाला वाटलं, माझं बाहेर लफडं हाय. बॅग भरून कडावला माहेरी गेली.”

“गिऱ्हाइकाला तूच बोलतोस ना, धक्का मारून किती दिवस चालवशील, आधी वायरिंग तपास?”

“डॉक्टर तेच बोलले. साखरेनं नसा खराब, तंबाखूनं रक्त पोचत नाय, वर काळजी. हार्ट तपासलं, मगच गोळी दिली. बोलले, गोळी नुसता आधार, साखर उतरव.”

“आन तंबाखू?”

“ऐंशी दिवस झाले. रोज चौक स्टेशनपर्यंत चालतो.”

“वहिनी?”

“डॉक्टरांकडं संगती नेली. बाहेर येऊन आधी रडली, मग बुकललं मला. तवाच बॅग घरी आली.”

“गोळी लागते आजून?”

“कधीमधी. बाकी गाडी सेल्फवर हाय.”

“हरेश!” खिडकीतून हाक आली.

“शब्बीर, बघ! साडेसहा!”

“माशाल्ला! लाव वहिनीला फोन.”

“अगं, साडेसहा आली! हां... हां.”

“काय बोलली?”

“बोलली, आज शटर पाचलाच पाडा.”