ब्रामला आत सोडा

मी मूळची कऱ्हाडची, लग्न होऊन पुण्यात आले, आणि अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इकडे नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली तशी टिलबर्गला. मी गोदामात पॅकिंग करते. अविनाशच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला, कडेकडेनं अंधारत गेलं, आणि एक दिवस त्यानं आपली सायकल विकून टाकली तेव्हा मी समजले. मग कितीतरी वर्षं तो माझं कोपर धरून चालायचा. पायरी आली की मी म्हणायचे, पायरी. बाजार, दवाखाना, मित्रांकडचा गणपती, सगळीकडे असेच आम्ही. दमायचे मी, नाही असं नाही, पण काय सांगू तुम्हाला, नवी नवरी होते तेव्हाही तो इतका जवळून चालला नव्हता.

आणि करोनाच्या जरा आधी ब्राम आला. काळा लॅब्राडॉर, अंधांना वाट दाखवायला शिकवलेला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पट्टा चढवलेला असताना ह्याला हात लावायचा नाही, खायला अविनाशनंच घालायचं, आणि दुकान असो, दवाखाना असो, ह्याला दारात अडवता येत नाही, तसा कायदाच आहे. मी चहा गाळत होते, मनात म्हटलं, वा, आणि मला?

मग सगळं बंद झालं. अविनाश दिवसभर घरातच, मीटिंगा संपल्या की ब्रामशी डचमध्ये गुलूगुलू. ब्राफ, ब्राफ, म्हणजे शहाणा रे शहाणा. मला कधी म्हणाला नाही. हसू नका, जळायचे मी, कुत्र्यावर जळायचे. डोळ्यांच्या तपासणीला गेलो तर दारातली बाई म्हणाली, करोनामुळे सोबत कुणी नको. ब्राम गेला आत शेपटी हलवत, आणि मी बाहेर थंडीत बाकावर.

मग ते सुपरमार्केटचं झालं. दारात नवा मॅनेजर, म्हणाला कुत्रा चालणार नाही. अविनाशनं शांतपणे समजावलं, तो म्हणाला नाही म्हणजे नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे. तेव्हा अविनाशनं हात लांब करून माझं कोपर शोधलं, म्हणाला राहू दे गं, ब्रामला इथं बांधू, तूच ने मला. खरं सांगते, इतकं बरं वाटलं, इतक्या महिन्यांनी. पण तो चारचौघांत मान खाली घालून उभा होता. मग मलाच राहवेना, माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये मी म्हटलं, कायदा आहे, ह्याला आत सोडायलाच लागतं, विचारा तुमच्या वरच्यांना. मागं रांग थांबली, मी हलले नाही. त्यानं फोन लावला, परत आला, माफी मागितली, या म्हणाला. आणि लगेच मला हात दाखवला, बाई, एका घरातला एकच माणूस आत. म्हणजे भांडले मी, आणि बाहेर राहिले मीच!

आता अविनाश एकटा ऑफिसला जातो, ट्रेननं, ब्रामबरोबर. माझी आठवण काढत असेल की नाही, कोण जाणे. देव करो नि दोघं रोज धड घरी येवोत. अजून जळते का म्हणाल, तर जळते. पण संध्याकाळी पट्टा उतरला की ब्राम येऊन माझ्या पायावर डोकं टाकतो, मी पाय हलवत नाही, आणि अविनाश हातानं चाचपत विचारतो, कुठं गेला गं हा, पुन्हा तुझ्याकडेच का? मी ब्रामचे कान खाजवत राहते. जळू दे त्यालाही थोडं.