भुलाबाईचा डबा

नांदुऱ्याच्या फलाटावर माझ्या शेजारी दोन बाया गाडीची वाट पाहत बसल्या होत्या.

“मेलेल्या सवतीची पोरगी बोलते काय वं आता तुह्यासंगं, झुंबर?”

“बोलतच नव्हती. मंग भुलाबाईचा खेळ सुरू केला. रोज डब्यात खाऊ टाकू, डबा वाजवू अन् तिले म्हनू, वळख.”

“वळखे?”

“भिंतीकडं तोंड करून बसे. कोजागिरीले मात्र तिनंच डबा आनून वाजवला. म्या खडीसाखर म्हनलं, सुपारी म्हनलं. मीच हारली.”

“काय होतं?”

“तिच्या मायच्या चांदीच्या पाटल्या. हारली ना, मंग घाल म्हने.”

“बसल्या हातात?”

“लहान हायेत. साबन लावून घातल्या. हे पाय, मनगटाले अजून खपली हाय.”

“काढून ठेव ना मंग.”

“काऊन काढू? मी घरी गेली का ती पयले माहा हात पायते.”