मऊ गादीचा हेडफोन

नवऱ्याचा बंद पडलेला हेडफोन पिशवीत घालून शिक्षिका दुरुस्तीच्या दुकानात रांगेला उभी होती. पुढच्या काकूंनी आपला हेडफोन काउंटरवर दुकानदारापुढे ठेवला.

"आवाज येत नाही का, काकू?"

"येतो की. स्वस्तातला असून अगदी खणखणीत."

"मग कानाला टोचतो?"

"तेच तर दुखणं आहे, टोचत नाही. गादी इतकी मऊ, की आमचे हे आंघोळीपुरताच काढतात."

"मग बिघडलंय काय?"

"काही नाही. तुम्ही बिघडवून द्या."

"काकू, मी दुरुस्ती करतो."

"मग आमच्या घराची करा. रेडिओची कटकट नको म्हणून मीच हौसेने आणला हा. आता गाणं ह्यांच्या कानात आणि ह्यांचा गळा आमच्या कानात. रेडिओ निदान सुरात तरी गायचा."

"हळू गा म्हणून सांगा ना त्यांना."

"सांगते की. ऐकू कुठे जातंय?"

दुकानदाराने मान खाली घालून हसू गिळलं.

"ठेवून जा, बघतो काय करता येतं. तुमचं काय, बाई?"

शिक्षिकेने पिशवीतला हेडफोन पार तळाशी ढकलला.

"घड्याळाचा सेल आहे का?"