दादांना आवाज येता कामा नये

दादांच्या घरची मंडळी, कोपरीकर आणि आपली सकाळची गँग, सगळ्यांना नमस्कार. धावता धावता बोलता आलं पाहिजे, दम लागला तर वेग कमी कर, असं दादा सांगायचे. आज त्यांच्या शोकसभेत मी नुसती उभी आहे आणि मला दम लागलाय. तेव्हा सावकाश बोलते.

मी सुषमा, कळव्याची. बावन्नाव्या वर्षी धावायला लागले. महागडे बूट आणले आणि लांब लांब ढांगा टाकत सुटले. महिन्याभरात गुडघा टम्म सुजला. घरचे म्हणाले, झाली हौस? आता बस घरी. मलाही वाटलं, संपलं आपलं.

सूज उतरल्यावर मला राहवेना. घरी न सांगता इथल्या, कोपरीच्या मैदानावर आले. कडेला बाकावर एक म्हातारा डोळे मिटून बसलेला. मी समोरून गेले, तर ओरडला, "गो बाय, जमिनीनं तुजं काय वाईट केलंय? धपाटे कशाला घालतेस तिला?"

मला राग आला. म्हटलं, "काका, डोळे मिटून तुम्हाला काय दिसलं?"

"दिसत नाय, म्हनून तं आयकतो."

मधुमेहानं दादांची नजर गेली होती, हे मला मग कळलं. लाजले मी.

दादा मिठागरातले. लहानपणी बापाबरोबर मिठाच्या वाफ्यात उतरायचे. ती जमीन चोपून गुळगुळीत केलेली असते. टाच आपटली की फुटते, चिखल वर येतो, मीठ काळं पडतं. म्हणून पाऊल लहान, अंगाखालीच टेकणारं आणि लगेच उचललेलं. तेच त्यांनी आपल्याला शिकवलं. पाय पुढे फेकू नकोस. खांदे सैल सोड. पायाकडे काय बघतेस, ते कुठे जात नाहीत; समोर बघ.

आणि परीक्षा एकच. बाकासमोरून जाताना दादांना आवाज येता कामा नये. आठवतंय ना? कोणाला "म्हस आली", कोणाला "ट्रक आला". किती महिने मी ट्रक होते! हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

गेल्या थंडीत मी दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. घरचे म्हणाले, यावेळी गुडघा गेला तर कायमचं बसायचं. दादा तेव्हा फार थकले होते. तरी हट्टानं म्हणाले, शेवटच्या वळणावर मला खुर्ची टाकून द्या. त्यांची सून, ही आपली वैशाली, त्यांना बाळकुमला, शर्यतीच्या त्या वळणावर घेऊन आली.

मी आले. एकदाही न थांबता आले. गुडघा शांत. मागे राहिलेले आम्ही तुरळकच होतो. वळणावर दादा मान तिरकी करून, कान देऊन बसलेले. हाक मारावी असं फार वाटलं. नाही मारली. वैशालीला तोंडावर बोट ठेवून खूण केली आणि त्यांच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून गेले.

शर्यत पुरी करून मागे आले, तर दादा वैशालीवर चिडलेले. "सुषमी अजून नाय आली? पाय दुखला का काय तिचा? बघ जा!"

मी म्हटलं, "दादा, मी केव्हाच गेले."

दादांनी मांडीवर थाप मारली. आणि मग जे हसले! ठसका लागेपर्यंत हसले. "आपला ट्रक गेला न मला समजला नाय!" येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत होते. मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. लग्नातसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू?

परवा मैदानावर सगळे विचारत होते, आता आपलं कोण ऐकणार? उद्या नेहमीच्या वेळेला या. बाक रिकामा राहू दे. एकेकानं त्याच्यासमोरून जायचं, दादा बसलेत असं समजून.

आता उभे राहूया. खुर्च्या हळू सरकवा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका.

दादा, आम्ही सगळे आलोय. येतोय का आवाज?