उलटी पुरलेली बाटली

...आणि वर तो पाऊस! म्हणजे तुम्हाला सांगतो, पाऊस पडू नये म्हणून जी बाटली पुरली तिच्याच पायी पाऊस, आणि खापर कुणाच्या डोक्यावर? माझ्या! सगळं या जिभेमुळे. दिसायला काय आहे हो, एवढासा मांसाचा तुकडा, पण बावीस वर्षं आमच्या काउंटीच्या साप्ताहिकात दर गुरुवारी हिच्याच जिवावर व्हिस्कीला मार्क देतोय मी, शंभरापैकी, खाली नाव छापून, व्हर्जिल स्टॅम्पर! आणि बावीस वर्षांत एकदाही हिने... बसू का जरा? नको, उभाच बरा, बसलं की मला चैन पडत नाही हल्ली. तर माझी जीभ खोटं बोलत नाही हो! हाच तिचा रोग आहे.

लोकांना काय वाटतं? वा, काय चंगळ आहे या माणसाची, पैसे घेऊन पितो! अहो, पितो कुठे? आधी हुंगतो. मग तोंड जरासं उघडं ठेवून परत हुंगतो. मग इतकुसा घोट, या गालातून त्या गालात, चावायचा... हो, चावायचा, आमच्या केंटकीत व्हिस्की चावतात... आणि ऐन गिळायच्या वेळी काय करायचं? थुंकायची! पिकदाणीत! सकाळी दहापासून बारा नमुने, बारा वेळा तोंडचा घास काढून घ्यायचा स्वतःच्याच! संध्याकाळी आमची नॅडीन विचारते, "अहो, जेवायला काय करू?" आणि मला कशाचीच चव लागत नसते.

बरं, पूर्वी चार मोठ्या कंपन्या होत्या, त्यांची गोदामं होती, आयुष्य सरळ होतं. आता ज्याला त्याला डिस्टिलरी! दातांचा डॉक्टर डिस्टिलरी काढतो, शाळेचा बँडमास्तर काढतो, दीड वर्षाचं कच्चं पाणी बाटलीत भरतात, लेबलावर पणजोबांचा फोटो, आणि आले माझ्या दारात. "व्हर्जिल, अगदी खरं खरं सांग हं!" खरं सांगितलं की सहा महिने चर्चमध्ये पाठ फिरवून बसतात.

त्यातलाच हा वेंडेल थ्रेलकेल्ड. सगळा जन्म तंबाखू पिकवली, मग तंबाखूच्या वखारीतच भट्टी लावली आणि राय गाळायला लागला. मक्याची बर्बन नाही, राय! राय म्हणजे तिखट, नाठाळ धान्य, भल्याभल्यांना दाद देत नाही. पाच वर्षांपूर्वी त्याची पहिली बाटली आली, दोन वर्षांचं पोर. मी हुंगली, चावली, थुंकली आणि लिहिलं... आता काय सांगू... लिहिलं, 'ओल्या कुत्र्याने पुदिना खाल्ल्यासारखी. एकसष्ट.' बस, एवढंच! एक ओळ! पण लोक हो, लोक! वेंडेल खुराकाच्या दुकानात कोंबड्यांचे दाणे घ्यायला गेला की मागून कुणीतरी हळूच, "भू... भू..." करायचं. पाच वर्षं! आणि त्याने काय केलं? भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. ते कात्रण फ्रेम करून भट्टीसमोर टांगलं. मला सांगा, हे काय माणसाचं वागणं झालं? शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो नसतो का?

आणि मग आमची लॉरेल, एकुलती एक, सव्वीस वर्षांची, पशूंची डॉक्टर, अख्ख्या केंटकीत हिला दुसरा मुलगा दिसला नाही! म्हणते, "बाबा, मी टकरशी लग्न करतेय." म्हटलं, कोण टकर? "टकर थ्रेलकेल्ड." नॅडीन माझ्याकडे बघते, मी नॅडीनकडे बघतो, आणि पोरगी म्हणते, "बाबा, एकच मागणं आहे. त्या दिवशी तुझ्या जिभेला जरा आवर." म्हटलं, अगं, माझी जीभ खोटं बोलत नाही. "तेच म्हणतेय मी," म्हणाली.

लग्न थ्रेलकेल्डच्या कुरणात, जूनमध्ये, उघड्यावर. आता उघड्यावर लग्न म्हटलं की बाटली पुरणं आलं. बरोब्बर एक महिना आधी, लग्न लागायच्या जागी, भरलेली बाटली, सीलबंद, तोंड खाली करून पुरायची. मग लग्नात पाऊस येत नाही. लग्न लागलं की नवरानवरीने उकरायची आणि सगळ्यांनी घोटघोट घ्यायची. नॅडीनच्या आणि माझ्या लग्नात पुरली होती, कडकडीत ऊन पडलं होतं, माझ्या सासूला भोवळ आली होती.

तर बाटली पुरायच्या दिवशी कुरणात वेंडेल पुढे आला, हातात बाटली, हिरवी लाख लावलेली, आणि म्हणतो कसा, अगदी नरम आवाजात, "व्याहीबुवा, ही आपल्याच पहिल्या पिंपांपैकी. तुम्ही चाखली होती ना, तीच. एक पिंप मी हलवलंच नव्हतं. आता सात वर्षांची झाली. तुमच्या हाताने पुरा. आणि लग्नात पहिला घोट तुमचा, आणि सगळ्यांसमोर मार्कही तुम्हीच द्यायचे!" आणि विहीणबाई, ओपल, टाळ्या वाजवतात! मी पुरली.

तीच! म्हणजे तोच ओला कुत्रा! पाच वर्षांत ओल्या कुत्र्याचं काय होणार हो? म्हातारा ओला कुत्रा होणार! आता तीस दिवस मी काय करायचं? खरं बोललो तर पोरीच्या लग्नात दोनशे माणसांसमोर तिच्या सासऱ्याची दुसऱ्यांदा अब्रू काढायची. खोटं बोलावं... तर प्रयत्न केला हो मी! आरशासमोर उभं राहून सराव केला, "वा वेंडेल, नव्व... नव्व..." घशातून पुढे सरकेना. नॅडीन बाहेरून विचारते, "अहो, उचकी लागली का?" जेवण गोड लागेना, एका जागी बसवेना, पोर्चवर इकडून तिकडे फेऱ्या मारून मारून एक फळी सैल केली मी. माझी जीभ खोटं बोलत नाही, मग करायचं तरी काय?

आणि बाराव्या दिवशी, दाढी करताना, सुचलं. शब्द बदलता येत नाहीत ना? मग दारू बदलू! म्हणजे बघा, बाटलीत खरोखरच उत्तम राय असली तर मी खरोखरच उत्तम म्हणेन, खोटं कुठे आलं यात? किती साधं! मला तर हसूच फुटलं, गाल कापला.

माझ्याकडे एक बाटली होती. लॉरेल जन्मली त्या आठवड्यात घेतलेली, राय, ज्या डिस्टिलरीची तिचं आता छप्परही उरलेलं नाही. सव्वीस वर्षं फळीवर ठेवून तिच्याकडे नुसता बघत आलो होतो. म्हटलं, पोरीचीच आहे, पोरीच्याच कामी येईल. थ्रेलकेल्ड मंडळी बुधवारी सकाळी धान्य आणायला जातात हे ठाऊक होतं. गेलो पिकअप घेऊन, उकरली, पात्याने लाख अलगद सोडवली, त्याची राय पीचच्या मुरंब्याच्या धुतलेल्या बरणीत ओतली... हुंगलीसुद्धा नाही, म्हटलं कशाला उगाच सकाळ नासवा... माझी त्याच्या बाटलीत भरली, लाख लायटरवर धरून परत चिकटवली, बाटली उलटी केली, पुरली. बरणी फेकवेना. आमच्याकडे व्हिस्की मातीत ओतणं हातून होत नाही, कितीही वाईट असली तरी. पिकअपच्या सीटखाली सारली. आणि त्या रात्री, महिन्यात पहिल्यांदा, मी ढाराढूर झोपलो.

लग्नाचा दिवस. सकाळी आकाश धुतल्यासारखं. लॉरेल अशी दिसत होती की मी दोनदा तंबूमागे जाऊन नाक शिंकरून आलो. लग्न लागलं, रिबीन बांधलेलं फावडं आलं, पोरांनी बाटली उकरली, वेंडेलने लाख फोडली, माझ्या पेल्यात ओतली आणि दोनशे माणसं गप्प. मागून कुठूनतरी, खुराकाच्या दुकानातल्या कुणाचातरी, अगदी हळू आवाज... "भू..."

मी हुंगली. चावली. आणि तुम्हाला सांगतो, थुंकली नाही! गिळली! डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी! ओरडलो, "शहाण्णव!" अहो, काय जल्लोष! टोप्या उडाल्या, ज्याने भू केलं होतं तोच शिट्ट्या मारतोय, लॉरेलने माझ्या गळ्यात उडी मारली, "बाबा, मनापासून ना?" म्हटलं, पोरी, माझी जीभ खोटं बोलते का कधी?

मग वेंडेलने घोट घेतला. चावायला लागला. आणि चावता चावता थांबला.

पेला उंच केला, सगळ्यांचे आभार मानले, हसला. मग माझं कोपर धरलं आणि वखारीत घेऊन गेला, भट्टीपाशी, त्या कात्रणासमोर. व्याहीबुवा वगैरे सगळं बाहेर राहिलं.

"व्हर्जिल, ही माझी नाही."

मी म्हटलं, "वेंडेल, त्याचं असं आहे..."

"फार चांगली आहे. माझ्या हातून अशी व्हायची नाही कदाचित. पण माझी नाही. माझी कुठंय?"

सांगितलं सगळं. भडाभडा. मला वाटलं आता फावडं घालतो डोक्यात. तर नाही! पिंपावर बसला आणि म्हणाला, "बरं. पण मग माझी कशी होती?"

"म्हणजे?"

"ओतलीस ना? तेव्हा चाखली असशील. कशी होती?"

आता काय सांगू तुम्हाला... बावीस वर्षं. हजारो बाटल्या. दातांच्या डॉक्टरची, बँडमास्तरची, कुणाकुणाची, न चाखता एकीला मार्क दिले नाहीत मी. आणि ही...

"चाखली नाहीस," तो म्हणाला. "पिंपातला तिसरा हिस्सा या वर्षांत हवेत उडाला, म्हणजे देवदूतांनीच प्यायला वर बसून, त्यांनी कधी तक्रार केली नाही. पाच वर्षं मी या कागदाकडे बघत बसलो, व्हर्जिल, की एकदा तू परत चाखशील." आणि मला लाज वाटली हो. सरळ सांगतो, आयुष्यात कधी नाही इतकी लाज वाटली.

आणि तेवढ्यात पत्र्यावर पहिला थेंब. टप्प. मग दुसरा. मग काय धबधबाच! बाहेर किंकाळ्या, तंबू एका बाजूने बसला, केकवर ताडपत्री, पाद्रीबुवा टेबलाखाली! मी तसाच धावलो, भाड्याच्या सुटात, पिकअपकडे, सीटखालून बरणी काढली, छातीशी धरून परत. वाटेत लॉरेल, अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, झग्याचा बोळा हातात, "बाबा! बाटली उलटीच पुरली होती ना?" म्हटलं, "उलटीच पुरली होती गं!" खरंच होतं ते. दोनदा उलटी पुरली होती.

वखारीत आलो, ओतली, हुंगली... आणि थांबलो. परत हुंगली. घोट घेतला, चावला. अहो, गरम रायचा पाव, वरून मिरपूड, काळी चेरी, वखारीच्या जुन्या लाकडाचा वास आणि मग सगळ्यात शेवटी, घशाशी, तो पुदिना! तोच! पाच वर्षांपूर्वीचा, पण आता आपल्या जागेवर, शहाण्यासारखा उभा! कुत्रा कुठेच नव्हता. "वेंडेल," मी ओरडलो, "सत्त्याण्णव! माझ्या बाटलीपेक्षा वरचढ! सत्त्याण्णव रे!"

तो माझ्याकडे बघत राहिला. नखशिखान्त भिजलेला मी, हातात मुरंब्याची बरणी. त्याचे डोळे भरून आले. उठला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "पुरे, व्याहीबुवा. पोरीचे बाप आहात तुम्ही. कळतं मला."

म्हटलं, "अहो नाही, खरंच!" "हो, हो." "देवाशप्पथ!" "देवाला कशाला मध्ये घेता?" जितकी शपथ घ्यावी तितका तो आणखी प्रेमाने थोपटतोय! घरी येऊन लिहायला बसलो, कधी नव्हे ते अख्खा रकाना लिहिला, तर संपादक म्हणतो, "व्हर्जिल, नात्यातल्यांचं कौतुक आपण छापत नाही." व्याह्याची तळी उचलतो म्हणून खुराकाच्या दुकानात आता मला भू करतात. माझी जीभ खोटं बोलत नाही हो... पण ऐकतंय कोण?

आता दर रविवारी जेवायला आम्ही त्यांच्याकडे. पोरगी सुखात आहे, सासऱ्याची लाडकी आहे, काही म्हणून तक्रार नाही. वेंडेल हॅम कापतो आणि मला बोटभर राय ओततो, त्याच पिंपातली. मी चावतो, सावकाश, डोळे मिटून, आणि म्हणतो, सत्त्याण्णव. तो ओपलकडे बघून मान डोलावतो, "बघ गं, किती मोठ्या मनाचा माणूस, अजून पोरीसाठी खोटं बोलतोय." आणि मी रिकामा पेला पुढे करतो ना, तर तो हळूच माझ्या हातातून काढून घेतो, "राहू द्या व्याहीबुवा, तुम्हाला आवडत नाही, उगाच कशाला त्रास," आणि माझ्यापुढे लिंबाचं सरबत सरकवतो.